बासी भाताची तवारीख

जो पदार्थ कालच्या उरलेल्या भातापासून सुरू होतो, त्याचा इतिहास लिहायचा म्हटले की पहिली अडचण येते ती पुराव्याची. शाळेत आम्ही मुलांना इतिहासाची साधने तीन प्रकारची सांगतो : भौतिक, लिखित आणि मौखिक. नाणी, किल्ले, ताम्रपट, फर्माने, बखरी, ओव्या अशी उदाहरणे फळ्यावर लिहून देतो. आता या तीन खान्यांत फ्राइड राइस बसवून पाहा. परतलेला भात खाऊन संपतो, तो उत्खननात सापडत नाही. तो करणारी बाई कृती लिहून ठेवत नाही. त्याच्यावर कोणी पोवाडाही रचत नाही. पुढे पदार्थ नावारूपाला आला की लोक त्याला एखाद्या बादशहाच्या नावाशी बांधून टाकतात, आणि त्यामुळे मूळ करणारीचा पत्ता आणखीच हरवतो.

तरीही हा इतिहास लिहावासा वाटतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर संध्याकाळी 'चायनीज'ची लाल गाडी उभी असते. मुले तोच भात घरी मागतात. आई ताजा गरम भात शिजवते, कढईत टाकते, सोया सॉस ओतते आणि त्याचा काळपट गोळा होतो. मग घरात ठरून जाते की फ्राइड राइस हे हॉटेलचे काम, घरी जमणारे नव्हे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हा पदार्थ मुळात घरचा आहे, काटकसरीचा आहे, आणि तो हॉटेलात फार उशिरा गेला. हे एकदा ध्यानात आले की तो का बिघडतो तेही कळते.

आधी शाही दप्तरे पाहू. आपल्या देशातल्या भटारखान्यांची माहिती पुष्कळ शिल्लक आहे. माळव्याचा सुलतान गियासशाह (कारकीर्द १४६९ ते १५००) याच्या मांडूच्या दरबारात 'निअमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या बावर्चीखान्यातल्या तीस पदार्थांची मापे दिली आहेत. त्यातली खिचडी तर पाहण्यासारखी आहे : पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ आणि पाच शेर तूप! मीठ मात्र एक तृतीयांश शेर. शीर बिरंज आहे, जर्द बिरंज आहे, साधा खुश्का आहे. या तीस पदार्थांत एकही असा नाही की ज्याची सुरुवात कालच्या उरलेल्या भाताने होते. शाही मेजवानीनंतर देगांत उरलेला भात कोणाच्या घरी जात असेल, आणि दुसऱ्या सकाळी त्या घरातली बाई त्याचे काय करत असेल, हे लिहिण्याचे अबुल फजलला काही कारण नव्हते.

चीनमध्येही तेच घडले. तिथे फ्राइड राइसचा उगम सांगताना सर्रास एक दंतकथा सांगितली जाते. स्वी घराण्याचा सम्राट यांग (कारकीर्द ६०४ ते ६१८) याला यांग सू या उमरावाचा 'सुवर्णचुरा भात' फार आवडे, सम्राट कालव्यातून जहाजाने यांगझोऊ शहरी गेला तेव्हा हा पदार्थ आपल्याबरोबर घेऊन गेला, आणि तोच पुढे 'यांगझोऊ फ्राइड राइस' झाला. गोष्ट गोड आहे. पुरावा काय? त्या काळच्या श्ये फंग नावाच्या लेखकाने केलेल्या खाद्यपदार्थांच्या यादीत या भाताचे नाव येते. फक्त नाव. कृती नाही, साहित्य नाही. 'सुवर्णचुरा' म्हणजे भातावर चिकटलेले पिवळे अंडे, हा अर्थ नंतरच्या लोकांनी नावावरून लावला. नावावरून पदार्थ ओळखणे किती धोक्याचे, हे 'व्हेज बिर्याणी' खाल्लेल्या माणसाला सांगावे लागू नये.

दंतकथा बाजूला ठेवली तरी यांगझोऊ शहर मात्र सोडता येत नाही. सम्राट यांगने उत्तर आणि दक्षिण चीनला जोडणारा महाकालवा पुरा करून घेतला. दक्षिणेचे धान्य त्या वाटेने उत्तरेकडे जाऊ लागले आणि कालवा व यांगत्से नदी यांच्या सांध्यावर वसलेले यांगझोऊ मातबर झाले. तांग काळात तिथे अरब आणि इराणी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. इ.स. ७६० मध्ये एक बंड मोडण्यासाठी म्हणून तियान शंगोंग या सेनापतीचे सैन्य शहरात शिरले आणि त्याने लुटालूट करून या परदेशी व्यापाऱ्यांपैकी काही हजार लोकांना ठार केले. चिनी इतिहासग्रंथांतच त्याची नोंद आहे. पुढे पाचशे वर्षांनी, दक्षिण सोंग घराण्याच्या अखेरच्या काळात, पुहादीन या नावाने चिनी लोकांत ओळखला जाणारा एक मुस्लिम बुजुर्ग याच शहरात आला. त्याची शियान्हे मशीद, म्हणजे क्रौंच पक्ष्याची मशीद, १२७५ सालची. त्याच वर्षी तो वारला आणि त्याची कबर महाकालव्याच्या पूर्व काठावर आहे. ज्या शहरात व्यापाऱ्यांची कत्तल झाली तिथेच पुन्हा मशीद उभी राहिली आणि आजही ती उभी आहे.

याचा अर्थ मुसलमान व्यापाऱ्यांनी चीनला फ्राइड राइस दिला, असा कोणी काढू नये. तसा पुरावा नाही. जगातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचे मूळ आपल्याच वाडवडिलांत शोधण्याची हौस सगळ्याच जमातींना असते, आपल्यालाही आहे. वर्गात मी ती मोडून काढण्याचा प्रयत्न करते, येथेही करते. यांगझोऊची आठवण एवढ्यासाठी की हे शहर परक्यांच्या येण्याजाण्यावर वाढले, आणि चार ठिकाणचे चार जिन्नस एका कढईत पडण्याची सवय अशाच शहरांना लागते.

खरा इतिहास राजाच्या नावात नसून कढईत, सरपणात आणि तांदळाच्या जातीत आहे. सहाव्या शतकात ज्या स्ससये या चिनी अधिकाऱ्याने 'छीमिन याओशू' हा शेती आणि घरकामावरचा ग्रंथ लिहिला. त्यात अंडी फोडून, ढवळून, कांद्याची पात आणि मीठ घालून तिळाच्या तेलात परतण्याची कृती आहे. चिनी भाषेत अशा परतण्याला 'चाओ' म्हणतात. पुढे सोंग काळात राजधानी खायफंगच्या बाजारातल्या खाणावळींत चाओ केलेले पदार्थ विकले जात. बाराव्या शतकात त्या शहराच्या आठवणी लिहिणाऱ्या मंग युआनलाओने परतलेले खेकडे आणि शिंपल्या यांची नावे दिली आहेत. परतण्याची ही रीत पसरण्याचे एक मोठे कारण सरपणाची टंचाई हे मानले जाते. झाडे तुटत गेली, शहरात लाकूड महाग झाले, खायफंगमध्ये लोक दगडी कोळसा जाळू लागले. जिन्नस बारीक चिरायचे, कढई सणसणीत तापवायची आणि चार मिनिटांत काम उरकायचे, यात इंधन वाचते. चिरण्याचे श्रम बाईचे आणि वाचलेले सरपण घराचे, असा हा हिशेब होता.

दुसरी गोष्ट तांदळाची. यांगत्सेच्या खोऱ्यात भाताची शेती हजारो वर्षांची आहे, पण तिथला जुना तांदूळ आखूड आणि चिकट जातीचा. इ.स. १०१२ मध्ये त्या भागात दुष्काळ पडला तेव्हा सोंग सम्राट झंझोंगने दक्षिणेकडच्या फूजियान प्रांतातून 'चंपा' भाताचे ३०,००० मापे बियाणे मागवून शेतकऱ्यांना वाटले. चंपा म्हणजे आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचे राज्य. त्या काळी तिथे शिवमंदिरे होती आणि शिलालेख संस्कृतात कोरले जात. तिथल्या चाम लोकांत पुढे इस्लाम पसरला आणि आज कंबोडियातले चाम बहुसंख्येने मुस्लिम आहेत. हा चंपा भात लवकर पिके, कमी पाण्यावर येई, आणि शिजल्यावर मोकळा होई. श्रीमंतांना तो आवडला नाही. तो गरिबांचा तांदूळ ठरला. पण परतायला मोकळाच भात लागतो, चिकट नव्हे. फ्राइड राइस कोणी शोधला हा प्रश्न मला कोणी केलाच, तर सम्राट यांगपेक्षा मी चंपा भात पिकवणाऱ्या त्या नाव नसलेल्या शेतकऱ्यांकडे आणि त्यांच्या बायकांकडे बोट दाखवीन. हा माझा तर्क आहे, पण दंतकथेपेक्षा तो जमिनीला धरून आहे.

येथे भाषेची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिनी भाषेत 'फान' म्हणजे शिजवलेला भात, आणि 'फान' म्हणजेच जेवण. 'चाओ फान' म्हणजे परतलेला भात. आमच्या मराठवाड्यातल्या आणि हैदराबादकडच्या दखनी बोलीतही असेच आहे. उत्तरेकडच्या उर्दूत 'खाना' म्हणजे कोणतेही जेवण, पण दखनीत 'खाना' म्हणजे भात. म्हणून आपल्याकडे 'बगारा खाना' असतो, आणि 'खट्टी दाल और खाना' म्हटले की डाळ-भात समजायचा. लखनौच्या पाहुण्याला हे पटकन उमगत नाही. चिनी शेतकऱ्याला उमगले असते.

आता बगारा खाना किंवा पुलाव आणि फ्राइड राइस यांत फरक कोणता, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण घरी जे बिघडते ते येथेच बिघडते. पुलावात आधी तूप, कांदा, खडा मसाला, मग कच्चा तांदूळ परतून त्यावर पाणी किंवा यखनी. म्हणजे तेल आधी आणि पाणी नंतर. फ्राइड राइसमध्ये क्रम उलटा आहे : आधी पाण्यात शिजवणे, मग मध्ये एक रात्र, मग तेल. ती मधली रात्र आपण गाळतो. भात शिजतो तेव्हा दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ, चिकट होतो. भात थंड झाला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, दाण्याच्या पृष्ठभागावरचे पाणीही काहीसे उडून जाते आणि दाणा टणक, सुटा होतो. असा दाणा तापल्या कढईत परतता येतो. गरम भात टाकला तर त्याच्या अंगची वाफ कढई थंड करते आणि भात परतला जाण्याऐवजी पुन्हा शिजतो. आपल्या फोडणीच्या भातालाही शिळा भातच का लागतो, याचे उत्तर हेच. मोहरी-हळदीचा फोडणीचा भात आणि अंडे-पातीचा चाओ फान ही दोन वेगवेगळ्या देशांतल्या आयांना एकाच अडचणीवर सुचलेली उत्तरे आहेत. एकीने दुसरीकडून घेतले असे मानण्याचे कारण नाही.

यांगझोऊच्या भाताला आजचे श्रीमंत रूप मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आले. तेव्हा मिठाच्या व्यापाऱ्यांनी शहर गबर केले होते. यी बिंगशोऊ (१७५४ ते १८१५) हा नामांकित सुलेखनकार तिथे जिल्हाधिकारी होता, आणि या पदार्थाला घाटदार रूप देण्याचे श्रेय बऱ्याचदा त्याला दिले जाते. पुन्हा एक मोठे नाव! कोळंबी, कोंबडी, मश्रूम, बांबूचे कोंब, मटार आणि डुकराच्या मांसाचे तुकडे असा थाट झाला. मुसलमान या भाताकडे शंकेने पाहतात ते त्या शेवटच्या जिनसामुळे, आणि दक्षिण चीनमध्ये परतायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या डुकराच्या चरबीमुळे. पण तो थाट म्हणजे पदार्थ नव्हे. चीनमधले हुई मुसलमान आपल्या खाणावळींवर 'चिंगझन' अशी पाटी लावतात. शब्दशः अर्थ 'शुद्ध आणि खरे', म्हणजे आपल्या भाषेत हलाल. तिथे भात तेलात परततात, आणि अंड्याबरोबर गोमांस किंवा मटण घालतात. अंडे, पात, मीठ आणि भात एवढ्यावर हा पदार्थ कुठल्याही दस्तरखानावर बसतो.

तसा तो बसलाही. फूजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतले चिनी लोक पोटासाठी बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर चाओ फान गेला. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर कराराने बांधून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात नेले गेले. त्यांचे हाल फार झाले. आज त्या देशात परतलेल्या भाताला 'चाउफा' म्हणतात आणि चिनी खाणावळीला 'चिफा'. दोन्ही शब्द चिनीच आहेत. जावा बेटावर तो 'नासी गोरेंग' झाला. नासी म्हणजे भात, गोरेंग म्हणजे तळलेला-परतलेला. तिथल्या लोकांनी त्यात ताडगुळाने गोड केलेला दाट सोया सॉस आणि वाळवून आंबवलेल्या जवळ्याची चटणी घातली. रात्रीचा भात सकाळी परतून न्याहारीला, ही तिथल्या घराघरातली रीत. जगातल्या सर्वांत जास्त मुसलमानांच्या देशाने २०१८ साली आपले पाच राष्ट्रीय पदार्थ जाहीर केले, त्यात हा शिळ्या भाताचा पदार्थ आहे. रोजच्या काटकसरीला एवढा मान सहसा मिळत नाही.

हिंदुस्थानात चिनी माणसे आली ती कलकत्त्याला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात बजबजजवळ उसाच्या मळ्यासाठी आणि साखरेच्या कारखान्यासाठी जमीन मिळाली. ते गाव अजून अच्छीपूर म्हणून ओळखले जाते. पुढे हक्का जमातीचे लोक आले आणि टांगऱ्यात चामड्याचे कारखाने निघाले. मुंबईत माझगावला चिनी खलाशी आणि कारागीर राहत, त्यांचे १९१९ सालचे छोटे मंदिर तिथे आहे. मग १९६२ चे युद्ध झाले. भारतात जन्मलेल्या, इथलीच भाषा बोलणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी लोकांना घरांतून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले. काही जण तिथे कित्येक वर्षे होते. सुटून आल्यावर कोणाचे दुकान राहिले नव्हते, कोणाचे घर. अनेक कुटुंबे देश सोडून गेली. चेहऱ्यावरून माणसाची निष्ठा ठरवण्याचा हा प्रकार आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसला नाही.

आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत चिनी जेवण भारतभर पसरले, हा इतिहासाचा विचित्र योग आहे. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत सोया सॉस घालून 'चिकन मंचुरियन' केले, असे सांगितले जाते. मंचुरियात तो पदार्थ नाही. हॉटेलातून हे जेवण गाडीवर आले आणि गाडीवर त्याचे नाव 'शेजवान' झाले. हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचे. सिचुआनच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी. मुंबईच्या शेजवान चटणीत ती नसते, तिच्यात सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि व्हिनेगर असते. गंमत अशी की त्या मिरीची सख्खी चुलत बहीण आपल्या कोकणात झाडाला लागते. ती म्हणजे तिरफळ. बांगड्याच्या आमटीत आपण ती घालतो, पण शेजवान राइसमध्ये घालावी असे कोणाला सुचले नाही. मी घालून पाहिली आहे : तीन-चार तिरफळे, बिया काढून, कुटून. वाईट लागत नाही.

गाडीवरच्या भातात आणखी एक पांढरी पूड असते. तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली. अजिनोमोटो हे तिचे व्यापारी नाव. तिच्याविषयी भीती पुष्कळ पसरली आहे, पण बेताने घातली तर ती विष नाही. घरी तिची गरज मात्र नाही, कारण अंडे, सोया सॉस आणि परतलेला कांदा यांच्यात तीच चव असते.

आता घरी करायचा झाल्यास. तांदूळ मोकळा होणारा घ्यावा. कोलम किंवा बासमती चालेल. इंद्रायणी आणि आंबेमोहर चवीला सुंदर, पण परतायला नकोत. कोकणातला उकडा तांदूळ मला फार चांगला वाटतो, कारण उकडताना त्याचा दाणा आधीच एकदा घट्ट झालेला असतो. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ पुरे. पाणी निवळ होईपर्यंत धुवावा, नेहमीपेक्षा थोडे पाणी कमी घालून शिजवावा आणि लगेच परातीत पसरून पंख्याखाली ठेवावा. वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. रात्रभर ओट्यावर ठेवू नये. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात चिनी खाणावळीतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होण्याचे प्रकार घडले. शोध घेतला तेव्हा कळले की शिजवलेला भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी परतला जात होता. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबदार भातात ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष परतल्यानेही जात नाही. आपल्या आज्या रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवत, तो आंबे आणि आंबटपणामुळे बराचसा टिके. ती रीत वेगळी. कोरडा भात मात्र उन्हाळ्यात ओट्यावर राहू देऊ नये. फ्रिज नसेल तर शिळ्याच्या भानगडीत न पडता ताजा भात परातीत पातळ पसरून तासभर पंख्याखाली कोरडा करावा, तोही चांगला परततो.

कढई लोखंडी किंवा बिडाची असावी. घरच्या गॅसची आच हॉटेलच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि इथेच बहुतेक जण हरतात : चौघांचा भात एकदम कढईत ओततात. एवढा थंड भात पडला की कढई निवते. म्हणून दोन माणसांचा भात एका वेळी, असे दोन घाणे करावेत. भात आधी ओल्या हाताने मोकळा करून ठेवावा. गाजर, फरसबी, कोबी बारीक चिरून शेजारी ताटात मांडून ठेवावी, कारण एकदा कढई तापली की चिरायला वेळ मिळत नाही. कढई धूर येईपर्यंत रिकामी तापवावी, मग दोन चमचे शेंगदाण्याचे तेल. फेटलेली अंडी घालावीत, अर्धवट जमली की काढून घ्यावीत. मग लसूण आणि भाज्या मिनिटभर, मग भात. भात पसरून अर्धा मिनिट हलवू नये, त्याला कढईचा चटका बसू द्यावा. नंतर उलथन्याने खालून वर करत राहावे. मीठ घालावे. सोया सॉस एका घाण्याला एक चमचा, तोही भातावर न ओतता कढईच्या कडेने सोडावा, म्हणजे तो तापल्या लोखंडावर करपल्यासारखा होऊन वास देतो. गाडीवरच्या भाताचा जो वास आपल्याला आठवतो तो बराचसा हाच. अंडी परत घालावीत, मिरपूड घालावी. कोंबडीचे शिजवलेले तुकडे, कालच्या कोरड्या खिम्याचे दोन चमचे, कोळंबी, जे उरले असेल ते घालावे, पण रस्सा नको. आच बंद करून मग कांद्याची पात.

यांगझोऊ शहराने आपल्या भाताचे प्रमाण ठरवून दिले आहे. २०१५ साली तिथे विश्वविक्रमासाठी तीनशे आचाऱ्यांनी मिळून ४,१९२ किलो फ्राइड राइस केला. त्यातला काही भाग डुकरांना खायला घातल्याचे उघडकीस आले, चीनभर लोक संतापले आणि गिनीजने विक्रम मान्य केला नाही. नियम असा होता की अन्न माणसांनी खाल्ले पाहिजे.

आपल्या घरी एवढा करायचा नाही. जेवढी माणसे तेवढाच परतावा. उरलेल्या भातापासून फ्राइड राइस करता येतो, पण उरलेला फ्राइड राइस पुन्हा ठेवून तिसऱ्या दिवशी परतू नये. तो आधीच एकदा शिळा झालेला असतो.